आत माया न ठेवता शिवायचं ऑपरेशन

ब्लाउज शिवायला टाकताना आपण शिंप्याला न चुकता सांगतो, "आत माया ठेवा हो." उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावा म्हणून. कातडीला अशी माया ठेवता येत नाही. एकदा कापलेली कातडी गेली ती गेलीच. ओघळलेले स्तन वर उचलणं आणि त्याच भुलेत आत इम्प्लांट, म्हणजे आकार भरून काढणारी कृत्रिम पिशवी, बसवणं, हे जोड-ऑपरेशन समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला हवी. कारण यातली पहिली क्रिया कापड कमी करते आणि दुसरी त्याच कापडात जास्त ऐवज कोंबते.

आधी स्तन ओघळतात कशाने ते पाहू. स्तनात स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी आणि चरबी यांचा तो मऊ गोळा छातीच्या स्नायूवर टेकलेला असतो. त्याला धरून ठेवतात ते कातडी आणि आतले तंतुमय बंध. या बंधांना इंग्लंडचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांचं नाव आहे. गरोदरपणात स्तन भरतात, कातडी ताणली जाते, पुढे आतला ऐवज आटतो, पण ताणलेली कातडी पूर्वीइतकी आवळत नाही. खूप वजन उतरलं तरी हेच होतं. व्यायामाने खालचा स्नायू बळकट होईल, पण ही कातडी काही आखडायची नाही.

आपल्याकडे आजही बाळंतिणीला कुजबुजत सांगितलं जातं, की अंगावर पाजलं की बांधा बिघडतो. ही समजूत जितक्या लवकर जाईल तितकी बरी. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या ब्रायन रिंकर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हेच तपासलं. वय, गरोदरपणांची संख्या, वजन, मुळातच मोठे स्तन आणि धूम्रपान यांचा ओघळण्याशी संबंध दिसला, पण अंगावर पाजण्याचा दिसला नाही. बाळाला पाजताना ही भीती कोणीही मनात ठेवू नये.

सर्जन आधी पाहतात ते स्तनाग्र आणि स्तनाखालची घडी यांचं नातं. स्तनाग्र घडीच्या वर असेल आणि स्तन नुसता रिता झालेला असेल, तर बहुतेक वेळा इम्प्लांट पुरतं. ते घडीच्या खाली उतरलं असेल तर नुसतं इम्प्लांट घालून भागत नाही, भरलेला स्तनही खालीच बघत राहतो. उलट, आकार पुरेसा आहे पण जागा खाली गेली आहे, तर नुसतं उचलणं पुरतं. एक साधी खूण सांगतात: ब्रा घातल्यावर आकार मनासारखा वाटत असेल, तर इम्प्लांटची गरज आहे का हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आकारही गेला आणि जागाही गेली, अशा बाईसाठी हे जोड-ऑपरेशन.

कल्पना जुनी आहे. मेक्सिकोचे मारिओ गोन्झालेझ-उलोआ यांनी ती १९६० मध्ये मांडली, म्हणजे सिलिकॉन जेलचं इम्प्लांट येण्याच्याही आधी. ते पहिल्यांदा बसवलं १९६२ साली, ह्यूस्टनमध्ये, थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या सर्जननी. आणि कातडी कापायचा जो आराखडा आजही जगभर वापरतात, तो रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये ब्राच्या कापावरून बेतला होता. शिवणकामाशी या शस्त्रक्रियेचं नातं असं मुळापासूनचं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी भूल देण्याआधी बाईला उभं करून तिच्या छातीवर मार्करने रेघा मारतात. आडवं झालं की स्तन बगलेकडे पसरतात आणि सगळी मापं चुकतात, म्हणून उभं राहूनच. गळ्याखालच्या खाचेपासून मधली रेघ, खालच्या घडीची रेघ, खाचेपासून दोन्ही स्तनाग्रांपर्यंतचं अंतर. टेपने मोजताना जवळजवळ प्रत्येकीची डावी-उजवी मापं थोडी वेगळी निघतात. ते अगदी नैसर्गिक आहे.

मग थिएटरमध्ये बरेच सर्जन इम्प्लांट आधी बसवतात आणि कातडी नंतर कापतात. हा क्रम मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. इम्प्लांट आत गेलं की जास्तीची कातडी न कापता नुसती दुमडून स्टेपलने तात्पुरती टाचतात, शिंपी कच्चे टाके घालतो अगदी तशी. मग भुलेतच टेबलाची पाठ वर करून रुग्णाला बसतं करतात आणि टेबलाच्या पायथ्याशी जाऊन दोन्ही बाजू निरखतात. एक बाजू वर वाटली की स्टेपल काढायचे, पुन्हा टाचायचं. मनासारखं जमलं की त्या घडीभोवती रेघ ओढायची, आणि मगच सुरी. आधीच मापाने कापून ठेवलं आणि नंतर जखम मिटेना, तर उसवायला माया कुठून आणणार?

तीनशे मिलिलिटरचं सिलिकॉन इम्प्लांट साधारण तीनशे ग्रॅम भरतं. नुकत्याच आवळून शिवलेल्या कातडीवर एवढं वजन आतून दाबतं. ताण जास्त झाला तर जखम उकलते, व्रण रुंदावतात किंवा काही काळाने स्तन पुन्हा उतरतात. म्हणून या ऑपरेशनमध्ये मोठ्या इम्प्लांटचा आग्रह धरू नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

त्याहून नाजूक बाब रक्तपुरवठ्याची. स्तनाग्र वर सरकवताना ते सुटं करत नाहीत, ऊतींच्या एका जिवंत देठावर ठेवतात आणि त्यातूनच त्याला रक्त मिळतं. उचलण्यासाठी बाहेरून कापावं लागतं, इम्प्लांटची जागा करताना आतून. दोन्हीकडून रक्तवाहिन्या तुटल्या, तर क्वचित प्रसंगी स्तनाग्राचा भाग मरतो. छातीच्या स्नायूतून वर येणाऱ्या वाहिन्या वाचाव्यात म्हणून अनेक सर्जन इम्प्लांट स्नायूच्या खाली ठेवणं पसंत करतात.

निकोटिनने नेमक्या याच बारीक वाहिन्या आकसतात. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सिगारेट बंद करायला सांगतात ते त्यासाठी. महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायला हवा. "सिगारेट ओढता का?" याला आपल्या बायका खरेपणाने "नाही" म्हणतील, पण त्यांच्यापैकी कित्येकींची सकाळ मशेरीने होते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटिन तेच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपण होऊन सांगा.

मग एकदम करावं की दोन टप्प्यांत? अमेरिकी सर्जन स्कॉट स्पिअर यांनी २००३ मध्ये एका संपादकीयात आपल्या व्यवसायबंधूंना "सावध राहा" असं मथळ्यातच बजावलं होतं. २०१४ मध्ये आलेल्या एका आढाव्यात २३ अभ्यासांतली एकदमच केलेली ४,८५६ ऑपरेशनं एकत्र तपासली. सुमारे १३ टक्के बायकांना काही ना काही गुंतागुंत झाली, जवळपास ११ टक्के बायकांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. म्हणजे दर नऊ-दहा जणींत एक. आकडा लहान नाही. पण दोन टप्पे निवडले तर दुसरं ऑपरेशन प्रत्येकीलाच ठरलेलं, हेही खरं. ओघळ माफक, इम्प्लांट बेताचं, तंबाखू नाही, अशा बाईला एकाच वेळी करून घेणं रास्त आहे. वजन खूप उतरून कातडी फार सैल झाली असेल किंवा स्तनाग्र पुष्कळ वर न्यायचं असेल, तर आधी उचलून, काही महिने जखम मुरू देऊन मग इम्प्लांट, हा सावकाशीचा रस्ता मला जास्त पटतो. पुढे मूल हवं असेल तर थांबणं उत्तम. गरोदरपण कातडी पुन्हा ताणणार आणि या ऑपरेशनने दूध येण्यावर, स्तनाग्राच्या संवेदनेवर परिणाम होऊ शकतो.

व्रणांबद्दल मन तयार ठेवावं. गडद वर्तुळाभोवती एक, तिथून खाली सरळ एक, आणि बहुधा घडीत आडवा एक. सुरुवातीला लालसर, जाड दिसतात, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ते काळपट राहण्याची किंवा जाड गाठीसारखे वाढण्याची शक्यता जास्त. घरात कुणाला कान टोचल्यावर अशी गाठ आली असेल, तर तेवढी माहितीही डॉक्टरांसाठी मोलाची आहे.

इम्प्लांट जन्मभराचं नसतं. ते फाटू शकतं, शरीर त्याच्याभोवती जे आवरण तयार करतं ते आखडून घट्ट होऊ शकतं. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकार पेशींच्या कर्करोगाचा, एक दुर्मिळ प्रकार जोडला गेल्यावर २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. सिलिकॉन इम्प्लांट आत शाबूत आहे का, हे पाहायला अमेरिकेचं औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवतं. मॅमोग्राफीला गेल्यावर यंत्रापाशी उभं राहण्याआधीच इम्प्लांट असल्याचं सांगायचं. तंत्रज्ञ ते मागे सारून वेगळ्या कोनातून जादा फोटो घेतात, नाहीतर त्यामागचा भाग झाकला जातो.

घरी सोडताना इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या. कंपनी, आकार, अनुक्रमांक त्यावर छापलेला असतो. मुलांच्या लसीकरणाची कार्डं जिथे जपून ठेवली आहेत, त्याच फाइलमध्ये ते ठेवा आणि घरातल्या एका माणसाला ती जागा दाखवून ठेवा.