घरात मांजर आहे? ‘लिली’ घेण्याआधी हे वाचा

“मांजर आहे घरात, लिली चालेल ना?” हा प्रश्न आमच्या नर्सरीत वरचेवर येतो. त्यावर आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो: कुठली लिली? कारण आपल्याकडे हे नाव अनेक वेगवेगळ्या झाडांना चिकटलंय.

खरी धास्ती दोन जातींची. एक, गुच्छात असतात त्या एशियाटिक, ओरिएंटल, टायगर वगैरे ‘खऱ्या’ लिली. दुसरी, बागेतली डे लिली. यांचं पान, पाकळी, देठ, कांदा, सगळंच मांजराला विषारी, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. या फुलांच्या केशरी-तपकिरी परागांचा शर्टाला डाग पडतो ना, तेच पराग मांजराच्या केसांना लागतात आणि मांजर अंग चाटत बसतं. तेवढ्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काही तासांत उलट्या होतात, मांजर मलूल पडतं, खात नाही. मग उलट्या थांबतात आणि आपल्याला वाटतं, सुटलो. पण एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना या लिलींनी असा धोका होत नाही, त्यामुळे ‘शेजारच्या कुत्र्याने खाल्ली, काही झालं नाही’ यावर जाऊ नका.

कुंडी उंचावर ठेवू म्हणाल, तर मांजर कपाटावर झोपतं हे तुम्हीच आम्हाला सांगितलेलं असतं! मांजर असलेल्या घरी या दोन लिली आम्ही देत नाही.

कळलावीलाही ग्लोरी लिली म्हणतात. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. पण तिचा कंद माणसाच्याही जिवावर उठतो. घरात नकोच.

पीस लिली मात्र वेगळी. ती अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खवखवतो, तसंच हिचं पान चावलं की मांजराचं तोंड चुरचुरतं, लाळ गळते, कधी उलटी होते. त्रास होतो, पण मूत्रपिंडं जात नाहीत. मनी प्लांटचंही असंच. कर्दळ, म्हणजे कॅना लिली, तर खुशाल लावा.

मांजराने खरी लिली किंवा डे लिली चावल्याची नुसती शंका आली तरी लगेच पशुवैद्याकडे न्या; लक्षणांची वाट पाहू नका. सलाईन जितक्या लवकर लागेल तितकी मूत्रपिंडं वाचण्याची आशा जास्त. निघताना झाडाचा फोटो किंवा फांदी बरोबर घ्या. अंगावर पराग दिसले तर ओल्या फडक्याने पुसा, चाटू देऊ नका. मीठ-पाणी पाजून घरीच उलटी काढायला जाऊ नका.

निर्धास्त लावण्यासारखी झाडं हवी असतील तर अरेका पाम, स्पायडर प्लांट, जास्वंद, गुलाब (काट्यांचं तेवढं बघा). आणि पानं कुरतडायची खोडच असेल तर पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा. आठवडाभरात हिरवेगार येतात, मांजरं आवडीने खातात.

घरातली लिली कुठली हे कळत नसेल, तर पान आणि फूल दोन्ही दिसेल असा फोटो काउंटरवर दाखवा. झाड आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी चालेल.