मूत्रपिंडातला तो ‘निरुपयोगी’ केस

पेशीची शेपटी म्हणजे निव्वळ पोहण्याचं साधन आणि मूत्रपिंडातल्या पेशींवरचा न हलणारा केस म्हणजे उत्क्रांतीत मागे उरलेला निरुपयोगी अवशेष, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते चूक आहे. शेपटी आणि हा केस यांची घडण मुळात एकच, आणि दोन्ही उभी राहतात एकाच वाहतुकीवर.

शेपटीत प्रथिनं बनत नाहीत, कारण प्रथिनं बनवणारे रायबोसोमच तिथे नसतात. शिवाय ती वाढते टोकाकडून. म्हणजे प्रत्येक सुटा भाग पेशीत तयार करून टोकापर्यंत पोचवावा लागतो. ही वाहतूक १९९३ मध्ये येल विद्यापीठात क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालात दिसली. जेमतेम १०-१२ मायक्रोमीटर लांबीच्या शेपटीत बारीक कणांची अखंड ये-जा चालली होती: टोकाकडे सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर, परतताना त्याहून जलद. नेणारं प्रथिन कायनेसिन, परत आणणारं डायनिन. एका सदोष वाणात ३२ अंश सेल्सिअसला कायनेसिन बंद पडतं आणि पूर्ण वाढलेली शेपटीही आखडत जाते, कारण टोकाची झीज चालूच राहते पण भरपाई थांबते. डायनिन बिघडलं तर माल शेपटीतच तुंबतो, शेपटी आखूड आणि फुगीर होते.

खरा धक्का २००० साली बसला. याच वाहतुकीतल्या आयएफटी८८ नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात ते केस खुंटलेले आढळले, आणि त्याच मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या गाठी होत होत्या. माणसातल्या पॉलिसिस्टिक किडनी विकाराशी निगडित पॉलिसिस्टिन प्रथिनंही या केसावरच असतात. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींचं बाहेरचं टोक तर अशाच केसाचं बदललेलं रूप आहे. तिथली वाहतूक बिघडली तर दृष्टी जाऊ शकते.