खाणीचा पर्यावरण अहवाल आणि सल्लागारांचे वाढते बिल : पार्श्वभूमी

खाण चंद्रपूरला, गडचिरोलीला किंवा सिंधुदुर्गात असते, पण तिचे कागद बहुधा मुंबईतच फिरतात. राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाचा कारभार मंत्रालयातून चालतो, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय शीवला आहे आणि अनेक खाण कंपन्यांचे लेखा व खरेदी विभाग नरिमन पॉइंट, बॅलार्ड इस्टेट किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात बसतात. पर्यावरण सल्लागाराला, म्हणजे खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास करून मंजुरीसाठी लागणारा अहवाल बनवणाऱ्या संस्थेला, सुरुवातीला दिलेला कार्यादेश आणि मंजुरी हाती येईपर्यंत चुकते केलेले एकूण बिल यांतली तफावत याच टेबलांवर उघडी पडते, आणि सल्लागारांनी दर वाढवले असा निष्कर्ष तिथे चटकन काढला जातो. दर वाढले आहेतच. परंतु दोन आकड्यांमधला मोठा हिस्सा दरांचा नसतो, तो मूळ कार्यादेशात नसलेल्या किंवा पुन्हा कराव्या लागलेल्या कामांचा असतो. ही कामे खाणमालकाच्या गळ्यात कधी आणि का पडली, हे समजून घेण्यासाठी तीन दशके मागे जावे लागते.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ चा, म्हणजे भोपाळ दुर्घटनेनंतर दीड वर्षाच्या आतला. पण प्रकल्पाला आगाऊ पर्यावरण मंजुरी घेण्याचे कायदेशीर बंधन आले ते त्या अधिनियमाखाली २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेल्या अधिसूचनेने. तोपर्यंत ही छाननी प्रशासकीय सूचनांवर चालत असे आणि तिचा भर सरकारी प्रकल्पांवर होता. १९९४ च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत प्रमुख खनिजांच्या पाच हेक्टरांहून मोठ्या खाणपट्ट्यांचा समावेश झाला. त्या काळातले अहवाल मुख्यतः नागपूरच्या नीरीसारख्या सरकारी संशोधन संस्था आणि मोजक्या खासगी अभियांत्रिकी कंपन्या तयार करीत. एका ऋतूच्या नोंदींवर आधारलेला ‘रॅपिड’ अहवाल बहुतेक वेळा पुरे होई, आणि अभ्यासात काय घ्यायचे व काय वगळायचे हे सल्लागार आणि खाणमालक आपापसात ठरवून टाकीत. जनसुनावणी १९९७ च्या दुरुस्तीने सक्तीची झाली, आणि तेव्हापासून गावकऱ्यांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांना लेखी उत्तरे देणे हे अहवालाच्या कामात शिरले.

आजच्या बिलाचा सांगाडा मात्र १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घडवला. मूळ तरतुदीनुसार पन्नास हेक्टर आणि त्याहून मोठे खाणपट्टे केंद्राकडे, पाच ते पन्नास हेक्टरांमधले राज्याकडे, अशी विभागणी झाली. पुढे या मर्यादा बदलल्या. खर्चाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे अभ्यासाची व्याप्ती ठरवण्याचा अधिकार तज्ज्ञ समितीकडे गेला. समिती जे विचारार्थ विषय ठरवून देते, ज्यांना या क्षेत्रात सगळे ‘टीओआर’ म्हणतात, त्यांच्याबरहुकूम अहवाल करणे भाग झाले. पण सल्लागाराची नेमणूक टीओआरच्या अर्जाआधीच करावी लागते, कारण तो अर्ज आणि पूर्वव्यवहार्यता अहवालही तोच तयार करतो. म्हणजे कोटेशन दिले जाते तेव्हा नेमके काम काय आहे हे देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. नंतर समितीने भूजलाचा स्वतंत्र अभ्यास, सुरुंगाच्या हादऱ्यांचा अभ्यास, खनिजवाहतुकीच्या रस्त्याचा भारवहन अभ्यास किंवा लगतच्या खाणींसह एकत्रित परिणामांचा अभ्यास मागितला, की प्रत्येक मागणी ‘जादा काम’ या सदराखाली बिलात उतरते. केंद्रीय मंत्रालयाने २०१५ मध्ये क्षेत्रनिहाय प्रमाणित टीओआर प्रसिद्ध केले, त्यामुळे या अनिश्चिततेला काहीसा आळा बसला. तरीही त्याखाली प्रकल्पनिहाय जादा अटी जोडण्याचा समितीचा अधिकार कायम राहिला आणि जादा बिले त्या जोडलेल्या अटींतूनच येत राहिली.

सल्लागारांचा दर्जा हा विषय ऐरणीवर येण्यास जी प्रकरणे कारण ठरली त्यांतले एक महाराष्ट्रातलेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आढळला, इतका की कोकणातल्या पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूसच्या जंगलांची नोंद होती. (आंबा-काजूच्या मुलखात स्प्रूस सापडल्याचे कोणाच्याच नजरेला कसे आले नाही, हा प्रश्न अहवाल लिहिणाऱ्याइतकाच तो स्वीकारणाऱ्यालाही लागू होतो.) भारतीय गुणवत्ता परिषदेची ‘नॅबेट’ ही शाखा सल्लागारांना ऐच्छिक मान्यता देत होतीच, २ डिसेंबर २००९ च्या कार्यालयीन ज्ञापनाने मंत्रालयाने ती मान्यता बंधनकारक केली. तेव्हापासून अहवालाला मान्यताप्राप्त समन्वयक लागतो, आणि हवा, पाणी, ध्वनी व कंपने, भूगर्भशास्त्र, भूजल, मृदा, परिसंस्था व जैवविविधता, समाज-अर्थशास्त्र, जोखीम अशा बारा कार्यक्षेत्रांपैकी जी लागू असतील त्यांचे तज्ज्ञ नावानिशी आणि सहीनिशी जबाबदार धरले जातात. पूर्वी एकच अनुभवी अभियंता दोन सहायकांना घेऊन जे उरकीत असे, त्यासाठी आता सात-आठ सह्या लागतात. ही खर्चवाढ खरी आहे, पण तिच्याविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार स्प्रूसच्या जंगलाने या उद्योगाकडून काढून घेतला, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास, १८ नोव्हेंबर २००९ रोजी, राष्ट्रीय परिसर हवा गुणवत्ता मानके सुधारण्यात आली आणि त्यांत पीएम २.५ (अतिसूक्ष्म धूलिकण) सह बारा घटक आले. बेसलाइनसाठी, म्हणजे खाण सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीच्या नोंदींसाठी, पावसाळा सोडून एका ऋतूत बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चोवीस तासांचे नमुने घ्यावे लागतात. खाणपट्टा आणि सभोवतालचा दहा किलोमीटर त्रिज्येचा बफर झोन मिळून आठ ठिकाणे निवडली, तर एकट्या हवेचेच १९२ नमुने होतात. यंत्रे, त्यांना लागणारी वीज, रात्रपाळीचा माणूस, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे शुल्क आणि नमुने तिथवर नेणारी गाडी यांचा हिशेब मांडला, की अहवाल ‘लिहिण्याचा’ खर्च बिलातला लहान भाग आहे हे लक्षात येते. या नोंदींना मुदतही असते. अंतिम अहवाल दाखल करताना त्या तीन वर्षांहून जुन्या असून चालत नाहीत. वनजमिनीचा प्रस्ताव अडकला, जनसुनावणी दोनदा पुढे गेली किंवा कंपनीनेच खाण आराखडा बदलला आणि ही मुदत उलटली, तर नोंदी नव्याने घ्याव्या लागतात. मे महिन्याच्या अखेरीस हे ध्यानात आले तर पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागते, कारण कोकणात आणि विदर्भात जूनपासून यंत्रे लावण्यात अर्थ नसतो. मी पाहिलेल्या हिशेबांत दरवाढीपेक्षा या पुनरावृत्तीने अधिक पैसा खाल्लेला आहे.

न्यायालयांनी या बिलात जी भर टाकली ती वेगळ्या वाटेने. ६ जुलै २०११ रोजी, मेघालयातील चुनखडीच्या खाणीसंबंधीच्या लाफार्ज प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मान्यताप्राप्त संस्थांची नामिका (पॅनेल) मंत्रालयाने तयार करावी आणि प्रकल्प प्रस्तावकाने त्या संस्थांकडूनच रॅपिड अहवाल घ्यावा. नामिकेतल्या संस्थेला पैसे कोणी आणि कोणत्या मार्गाने द्यावेत, हा खरा गाठीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आजही सल्लागार निवडतो खाणमालक आणि बिल चुकते करतोही तोच. २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या (दगड, वाळू यांसारख्या) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली आणि तोवर महसूल खात्याची परवानगी व स्वामित्वधनाच्या पावत्या एवढ्यावर चालणाऱ्या ठाणे, रायगड आणि नवी मुंबई परिसरातल्या दगडखाणींच्या दारात सल्लागार प्रथमच उभा राहिला. २ ऑगस्ट २०१७ रोजी, ओडिशातील खाणींच्या कॉमन कॉज प्रकरणात, मंजुरीशिवाय किंवा मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करण्याचा आदेश झाला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांची मागणीच बदलली. अहवाल वकिलांकडून तपासून घेणे, एकाच विषयावर दुसऱ्या संस्थेचे मत मागवणे आणि उत्पादनक्षमतेचा प्रत्येक आकडा खाण आराखड्याशी ताडून पाहणे या गोष्टी सल्लागारांनी लादलेल्या नाहीत, त्या धास्तीपोटी कंपन्यांनी स्वतःहून मागितल्या.

लहान खाणमालकांची गोष्ट त्याहून अवघड आहे. २०१६ मध्ये पाच हेक्टरांपर्यंतच्या पट्ट्यांसाठी जिल्हास्तरीय प्राधिकरणे नेमली गेली, तेव्हा काम जवळ आले आणि स्वस्त झाले. परंतु १३ सप्टेंबर २०१८ च्या सतेंद्र पांडे प्रकरणातील आदेशाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती व्यवस्था ग्राह्य धरली नाही आणि पाच ते पंचवीस हेक्टरांच्या पट्ट्यांना, तसेच समूहातल्या पट्ट्यांनाही, अहवाल व जनसुनावणीची प्रक्रिया लागू करावी असे सांगितले. पुढे २०२३ मध्ये जिल्हास्तरावर मिळालेल्या मंजुऱ्या राज्य प्राधिकरणाकडून पुन्हा तपासून घेण्याचे ज्ञापन निघाले, म्हणजे एकाच खाणीसाठी दुसऱ्यांदा सल्लागार. अडचणीचे मूळ असे की अभ्यासाचा बराचसा खर्च पट्ट्याच्या आकारावर अवलंबून नसतो. ऋतू तेवढाच, नमुन्यांची ठिकाणे जवळपास तेवढीच, तज्ज्ञ तेच. चाळीस हेक्टरांच्या खाणीला जे बिल टनामागे जाणवतही नाही, ते दोन हेक्टरांच्या दगडखाणीचा वर्षाचा नफा घेऊन जाऊ शकते. यावर नियमांतच असलेला उपाय म्हणजे समूह. एकाच जातीच्या खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या सीमांमधले अंतर पाचशे मीटरांहून कमी असेल तर ते एका समूहात मोडतात आणि त्यांचा एकच सामाईक अहवाल करता येतो. बेसलाइन एकदाच घ्यावी आणि खर्च क्षेत्रफळाच्या किंवा उत्पादनाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिला हप्ता कोणी भरायचा यावर खाणमालकांच्या बैठका मोडतात, आणि ज्याची मंजुरी आधी संपते तो बिचारा एकटाच पुढे होतो.

कराचा मुद्दा थोडक्यात नोंदवण्यासारखा आहे. सल्लागार सेवेवरचा सेवाकर २०१२ मध्ये १२.३६ टक्के होता, तो २०१६ मध्ये उपकरांसह १५ टक्क्यांवर गेला आणि जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के लागू झाला. विक्री सुरू असलेल्या खाणीला त्याची वजावट मिळते. अजून मंजुरीच न मिळालेल्या नव्या खाणीचा पैसा मात्र तोवर अडकून पडतो.

हा सगळा इतिहास समोर ठेवला, की खर्च आटोक्यात ठेवण्याचे आज रूढ होत असलेले मार्ग कोठून आले ते कळते. टीओआरपूर्वीचे काम आणि टीओआरनंतरचे काम यांचे दोन वेगळे कार्यादेश काढण्याची पद्धत २००६ च्या त्या विसंगतीवरचे उत्तर आहे. समितीने मागितलेल्या जादा अभ्यासांचे दर आधीच ठरवून ठेवणे, नमुन्यांचे बिल संख्येवर व अहवालाचे बिल ठोक रकमेवर घेणे, आणि नोंदी कालबाह्य झाल्यास तो दोष कोणाचा यावर पुन्हा लागणारा खर्च कोणी सोसायचा हे करारात लिहून ठेवणे, हीदेखील त्याच अनुभवातून आलेली कलमे आहेत. प्रयोगशाळेच्या मूळ नोंदींची मालकी कंपनीकडे राहील हे कलम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे; ते नसेल तर सल्लागार बदलताना तीन महिन्यांच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात.

हिशेबतपासनीसांना मात्र एक कलम फार आवडते, ते म्हणजे शुल्काचा मोठा हप्ता मंजुरी मिळाल्यावरच द्यायचा. त्यात कंपनीचा पैसा सुरक्षित राहतो असे वाटते. पण असा हप्ता अभ्यास करणाऱ्या माणसाला निकालाशी बांधून टाकतो. ओढा बारमाही आहे की हंगामी, हे ज्याने निःपक्षपणे लिहायचे त्याचे उरलेले पैसे तो हंगामी असण्यावर अवलंबून राहतात. २००६ च्या अधिसूचनेतच अशी तरतूद आहे की हेतुपुरस्सर दडवलेली, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. त्या वेळी सल्लागाराची मान्यता जाईल, खाणमालकाची खाण जाईल. म्हणून सूज्ञ कंपन्या शेवटचा हप्ता मंजुरीला न जोडता समितीच्या सर्व शंकांची लेखी उत्तरे दाखल होण्याला जोडतात, आणि मुंबईच्या कार्यालयातला एक माणूस त्या नमुन्यांच्या दिवसांत खाणीवर पाठवतात, जेणेकरून बिलातली ठिकाणे आणि जमिनीवरची यंत्रे यांची संख्या जुळते का ते कोणीतरी आपल्या डोळ्यांनी मोजून येईल.