बलून मॉली गोंडस दिसते खरी, पण तिचा कणा बघा

नाशिकमध्ये कॉलेज रोडला जा नाहीतर सिडकोत, अॅक्वेरियमच्या दुकानात साध्या मॉली माशांच्या शेजारी बहुतेक वेळा बलून मॉलीचा टँक असतोच. आखूड, टम्म पोटाच्या, आणि भाव साध्या मॉलीपेक्षा जास्त. लहान पोरं हटकून त्याच मागतात. पण घ्यायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहा. साधी मॉली शेपटीचे दोन झटके मारते आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला पोचते, बलूनवाली मात्र अख्खं अंग हलवत बसते, शेपूट सारखी फडफडतेय आणि पुढे सरकतेय जेमतेम बोटभर, जरा थांबली की डोकं खाली नाहीतर एका अंगाला कलती.

तिचं पोट जास्त खाऊन सुटलेलं नसतं. पाठीचे मणके जन्मापासूनच दबलेले, वाकडे असतात, त्यामुळे अंगाची लांबी कमी होते पण आतलं लिव्हर, आतडी, स्विम ब्लॅडर हे सगळं तेवढ्याच जागेत कोंबावं लागतं आणि ते बाहेरून पोट म्हणून दिसतं. स्विम ब्लॅडर म्हणजे माशाच्या आतली हवेची पिशवी, पाण्यात तोल तिच्यावरच सांभाळला जातो. त्यात मॉली अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, म्हणजे गाभण मादीला त्याच अडचणीत पिल्लांनाही जागा करून द्यायची.

असा मासा नदीत जन्मला तर तो पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी तोंडात जाणार. टँकमध्ये शिकारी नाही, खाणं वरून पडतं, म्हणून तो जगतो. मग ब्रीडर तसलेच नर-मादी निवडून एकत्र सोडतो, त्यांच्या पिल्लांतले पुन्हा तसलेच निवडतो, थोड्या पिढ्यांत व्यंगाची "व्हरायटी" तयार.

ब्लड पॅरट तर त्याहून पुढची गोष्ट. 1986च्या सुमारास तैवानमध्ये मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड जातींचा संकर करून हा मासा काढला. लालभडक रंग, चोचीसारखं तोंड, आणि ते तोंड बऱ्याच माशांचं पूर्ण मिटतच नाही. खाणं टाकल्यावर बघा, पेलेट म्हणजे खाण्याची गोळी तोंडात घेतो, बाहेर पडतं, पुन्हा घेतो. चावायचं काम घशातल्या दातांवर. सोबत चपळ मासे असतील तर याच्या वाट्याला उरलंसुरलं.

आता कुणी म्हणेल, माणसाने बदललेलं सगळंच वाईट का? आपण नाशिककर थॉमसन सीडलेस द्राक्ष खातोच की. त्यात बी धरायला लागते आणि मधेच वाढ थांबते, वेलीच्या दृष्टीने ते व्यंगच, वेल वाढवायची तर काडीपासून. मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच "हे नैसर्गिक आहे का" हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. द्राक्षाला दुखत नाही, माशाला दुखत असणार. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. ओठात अॅसिटिक अॅसिड टोचल्यावर ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते आणि बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत.

आणि सगळ्या फॅन्सी माशांना एकाच पारड्यात टाकू नका. गोल्डफिशची दुहेरी शेपटी घ्या, कॉर्डिन नावाच्या जीनमधल्या बदलामुळे ती येते हे 2014 मध्ये कळलं. असा गोल्डफिश जरा हळू पोहतो पण खातो, बघतो, नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं जगतो. माझा त्याला फारसा आक्षेप नाही. बबल आय या गोल्डफिशच्याच प्रकाराचं तसं नाही, डोळ्यांखाली द्रवाच्या दोन पिशव्या लोंबतात, टोकदार दगडाला घासल्या तर फुटतात आणि त्यांच्यामुळे नजर वरच लागून राहते. पोहणं, खाणं, बघणं, श्वास, यातलं एक जरी त्या ठेवणीमुळे नीट जमत नसेल तर तो मासा मुद्दाम जन्माला घालणं मला चुकीचं वाटतं, कितीही गोड दिसो.

जर्मनीच्या कायद्यात तर ज्या ब्रीडिंगमुळे पिल्लांना यातना होतील ते सरळ बंद आहे, पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांना लागू, म्हणजे माशांनाही. आपल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही माणूस सोडून कुठलाही जीव म्हणजे प्राणी, पण व्यंगासाठी केलेल्या ब्रीडिंगला त्यातून कोण आणि कसं पकडणार.

दुकानदाराशी भांडून काही होत नाही, तो जे खपतं ते मागवतो. "बिचारा इथे पडलाय, घरी नेऊन नीट सांभाळतो" म्हणून घेतला तरी दुकानाच्या वहीत ती एक विक्रीच, पुढच्या वेळी त्याच जागी तसलाच मासा येणार.

ज्यांच्या घरी आधीच आहेत त्यांनी टाकून द्यायचे नाहीत अर्थातच. टँक उंच नको, पसरट आणि कमी खोल घ्या, फिल्टरचा प्रवाह मंद ठेवा, पेलेट भिजवून द्या, चपळ मासे वेगळे ठेवा, बलून मॉलीची नर-मादी वेगळी करा. आणि कंटाळा आला म्हणून गोदावरीत सोडू नका, भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत सकर मासा पसरलाय तो अशाच लोकांच्या टँकमधून गेलेला.