पिसदुऱ्याच्या वावरातलं दगडी शेण

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि पेरणीला वापसा यायचा होता. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे भाचा घरी मोबाइल चाळत बसलेला. त्यात त्याला इंग्लंडचे पांढरे कडे दिसले. ओहोटीच्या वेळी कड्याखाली आई, बाप, पोरं, कुत्रं, सगळं बिऱ्हाड वाकून दगड उलटतंय आणि कुणाच्या तरी हाती दगड झालेला शंख लागतोय. "मामा, आपल्याइथं समुद्रच नाही," तो म्हणाला.

नाही, हे खरंच. पण समुद्र तिथं करतो तरी काय? कड्याचा पाया पोखरतो, वरचा भाग कोसळतो, लाटा मऊ खडू धुऊन नेतात आणि आतलं टणक ते मागं उरतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला हेच काम पाऊस आणि वखर मिळून करतात. दुसऱ्या दिवशी त्याला आणि आईला घेऊन तिकडेच निघालो. ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून ठेवलं होतं. "या ना बापा," तो म्हणाला, "फक्त पेरायच्या पट्ट्यात नका शिरू, वरच्या लाल बरडावर फिरा."

त्या कड्यांचं आणि या बरडाचं नातं आहे. कड्यांचा खडू म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्या. एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. त्या तळाशी साचत गेल्या आणि त्यांचे कडे झाले. खडूला लॅटिनमध्ये 'क्रेटा' म्हणतात, त्यावरून त्या अख्ख्या कालखंडालाच क्रिटेशस नाव पडलं: सुमारे १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. (शाळेतला खडू आता बहुतेक जिप्समचा असतो, म्हणजे खडू या नावापुरताच.) पिसदुऱ्याची लाल माती याच कालखंडाच्या शेवटाची. तेव्हा इथं नद्या, डबकी, दलदल होती. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून या थरांना लमेटा म्हणतात. नंतर त्यांच्यावर लाव्हारसाचे थर चढले, ज्यांची झिजून आपली काळी माती झाली.

बरडावर पाचच मिनिटांत भाच्याची पिशवी भरली. सगळी चुनखडी. मी हसलो नाही, कारण पहिल्या खेपेला मीही पिशवीभर चुनखडीच घरी नेली होती आणि आईनं ती मुकाट्यानं मोरीपाशी पसरली होती. मग त्याला हाड ओळखायची जुनी युक्ती सांगितली: जीभ लावून पाहायची. दगड झालेल्या हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषतात आणि जीभ किंचित चिकटते. लगेच त्यानं मुठीएवढा, तपकिरी, वरून सुरकुतलेला एक गोळा उचलला आणि चाटला. "नाही चिकटत."

"नाहीच चिकटणार. ते शेण आहे."

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आई धुऱ्यावर बसली होती, तिथूनच ओरडली, "काय चाटून रायला रे पोट्ट्या!"

शेणच, पण दगड झालेलं. शास्त्रज्ञ त्याला कॉप्रोलाइट म्हणतात. चिखलात लवकर गाडलं गेलं, कुजण्याआधी पाण्यातली खनिजं त्यात भरली आणि आकार तसाच राहिला. सी. ए. मॅटली यांनी १९३९ साली पिसदुऱ्याच्या या गोळ्यांवर निबंध लिहिला. ते नेमकं कोणाचं, हे गोळ्यावर लिहिलेलं नसतं. पण याच थरात टायटनोसॉर या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरची हाडं सापडतात, त्यामुळे बरंचसं त्यांच्या नावावर घातलं जातं.

मला विचाराल तर इथल्या हाडांपेक्षा शेणच जास्त बोलकं आहे. कडब्याच्या पेंढ्या उचलताना हाताला चरे पडतात ना? गवताची जात मुळांतून पाण्याबरोबर सिलिका ओढते आणि पानांच्या पेशींत तिचे सूक्ष्म कण साठवते. काचेच्या जातीचंच ते द्रव्य. या कणांना फायटोलिथ म्हणतात. पान कुजतं, कण कुजत नाही. पोटातूनही तो बहुधा धडधाकट बाहेर पडतो. शिवाय वनस्पतींच्या गटागणिक त्याचा आकार वेगळा, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली गवत कोणत्या घराण्याचं हे सांगता येतं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणात हे कण शोधले. २००५ साली 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात गवत होतं, तेही एका जातीचं नव्हे, भात आणि बांबूच्या नातलगांसकट. तोवर बहुतेकांची समजूत अशी की गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यावर. अर्थात ही जनावरं गवतावरच जगत होती असं नाही. शेणात इतर झाडपालाच जास्त होता, गवत तोंडी लावण्यापुरतं. पण भाताचं कूळ एवढं जुनं निघालं, तेही कुणाच्या तरी वावरातल्या शेणातून, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे इथल्या जीवाश्मांचे जुने वेडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते विदर्भात जीवाश्म गोळा करत हिंडले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना भरलेल्या नाल्यात बुडून ते गेले. पिसदुऱ्याशेजारच्या डोंगरगावला सापडलेल्या डायनोसॉरचं नाव इसिसॉरस. त्यातलं 'इसि' म्हणजे आयएसआय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. आकडेमोडीची संस्था हाडं उकरते हे ऐकून भाचा म्हणाला, "मोजायला लागतच असतील."

दुपारी उतारावर एक खरं हाड दिसलं, मातीत अर्धं रुतलेलं. या वेळी त्याची जीभ चिकटली. आम्ही फोटो काढला, जागा लिहून घेतली आणि ते तसंच सोडलं. हाड थरातून उपसलं की कोणत्या मातीत, कोणाशेजारी होतं हे कळत नाही, आणि अर्धी गोष्ट त्यातच असते. त्यावरून घरी येईस्तोवर भाचा माझ्याशी बोलला नाही.

संध्याकाळी तो गोठ्यात बैलाच्या ताज्या शेणात काडी घालून बसला. ज्वारीच्या पानाचे तुकडे दिसत होते. "मामा, हे किती दिवसांनी दगड होईल?"

मी काही बोलायच्या आत आई टोपलं घेऊन आली. "कशाचा दगड? सरक, सकाळी गवऱ्या थापायच्या हायेत."