‘ग्रुप १८९०’ च्या एकमेव प्रदर्शनामागचा इतिहास

अमूर्त चित्रांचं समूह प्रदर्शन मुंबईत लागलं, की कॅनव्हासवर वाळू, जळका कागद, तार, पत्रा यांपैकी काहीतरी दिसतंच. लेबलावरचं ‘मिश्र माध्यम’ वाचून आपण पुढे सरकतो. या साहित्याला आपल्याकडे चित्रात मानाची जागा सहज मिळालेली नाही. त्यासाठी भांडावं लागलं, आणि त्या भांडणातली एक महत्त्वाची फेरी दिल्लीच्या रवींद्र भवनात, ऑक्टोबर १९६३ मध्ये झाली. ‘ग्रुप १८९०’ या तरुण चित्रकार-शिल्पकारांच्या गटाचं ते पहिलं प्रदर्शन आणि शेवटचंही.

मराठीत आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपपासून सुरुवात करतो: सूझा, रझा, हुसेन, आरा आणि त्यांच्याबरोबरचे आपले गाडे व बाकरे. तिथून थेट अमूर्त चित्रकार गायतोंडे. मधला हा टप्पा गळतो, आणि त्याच्याबरोबर अकोल्याचे चित्रकार अंबादासही गळतात. मला ही चूक गंभीर वाटते.

१९६० च्या सुमारास परिस्थिती अशी होती. सूझा लंडनला, रझा पॅरिसला गेलेले. मुंबईत १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आणि दिल्लीत १९५४ पासून ललित कला अकादमी, म्हणजे चित्रं लावायला भिंती होत्या. विकत घेणारे मात्र फारच थोडे. अमूर्त काम करणाऱ्यांतल्या काहींची चूल पेटती राहिली ती हातमागामुळे. सरकारच्या विणकर सेवा केंद्रांत चित्रकारांना नोकऱ्या मिळत. अंबादास तिथे होते, प्रभाकर बरवेही होते. १९६१ ते १९६५ या काळात बरवे वाराणसीच्या केंद्रात काम करत होते. आपल्या अमूर्त चित्रकलेच्या इतिहासात या केंद्रांचं नाव ठळकपणे यायला हवं.

ऑगस्ट १९६२ मध्ये काही तरुण चित्रकार-शिल्पकार भावनगरला जयंत पंड्या यांच्या घरी जमले. त्या घराचा क्रमांक १८९०, आणि तेच गटाचं नाव ठरलं. कुठलाही ‘वाद’ नावात नको, हा हेतू त्यात आपोआप साधला. एकूण १२ जण: जगदीश स्वामीनाथन, जेराम पटेल, अंबादास, हिम्मत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, एरिक बोवेन, राजेश मेहरा, रेड्डप्पा नायडू, बाळकृष्ण पटेल आणि एस. जी. निकम.

गटाच्या जाहीरनाम्यामागे मुख्य डोकं स्वामीनाथन यांचं. ते आधी कम्युनिस्ट चळवळीत होते, पत्रकारही होते. वाक्याला धार होती. रविवर्म्याचा वास्तवाभास नको, बंगाल शैलीचा स्वप्नाळूपणा नको आणि युरोपातल्या चळवळींची उसनवारीही नको, असा तिहेरी नकार त्यांनी मांडला. कलाकृती वास्तवाची नक्कल करत नाही आणि त्यापासून पळतही नाही, ती स्वतःच एक वास्तव असते, ही त्यातली भूमिका.

ही भूमिका सगळ्यात स्पष्ट दिसली ती जेराम पटेलांच्या लाकडात. पटेल जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. त्यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला, प्लायवूड घेतलं आणि त्यावर ब्लोटॉर्चची ज्योत धरली. लाकूड जळून कोळसा होतं, खड्डे पडतात, प्लायचे थर कडांनी उघडे पडतात. तिथे काळा रंग लावलेला नसतो, तो आगीनेच तयार होतो. हिम्मत शाह यांनी हीच आग कागदावर आणली आणि जळक्या कागदांची कोलाज केली. लाकूड कुणाचं चित्र दाखवत नाही, ते स्वतःच घडलेली घटना असतं. म्हणून इथे मिश्र माध्यम ही सजावट नव्हती, तो विचारच होता.

अंबादास मात्र तेलरंगातच राहिले. त्यांच्या चित्रात ब्रशचे फटकारे पीळ घेत, एकमेकांना रेटत कॅनव्हासभर पसरतात. ना क्षितिज, ना मध्यबिंदू. जळक्या लाकडाशेजारी ही चित्रं लागली होती, हे लक्षात घेतलं की गटाचा आवाका कळतो.

उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. चीन युद्धाला जेमतेम वर्ष होत होतं. कॅटलॉगसाठी ओक्तावियो पाझ यांनी लिहिलं. ते तेव्हा मेक्सिकोचे दिल्लीतले राजदूत होते आणि त्यांची स्वामीनाथन यांच्याशी मैत्री होती.

दुसरं प्रदर्शन झालं नाही. शेख आणि कनेरिया लंडनला शिकायला गेले, ज्योती भट्ट न्यूयॉर्कला. अंबादास १९७२ मध्ये नॉर्वेला गेले ते तिथेच स्थायिक झाले. २०१२ मध्ये ओस्लोत त्यांचं निधन झालं. स्वामीनाथन यांनी १९८२ मध्ये भोपाळच्या भारत भवनात ‘रूपंकर’ हे कलासंग्रहालय उभं केलं आणि आदिवासी चित्रकारांची कामं शहरी आधुनिकांच्या बरोबरीने लावली. उसनवारीच्या नकाराचं ते पुढचं पाऊल होतं. शेख पूर्णपणे उलट्या दिशेने, माणसांच्या आणि कथनाच्या चित्रांकडे वळले. १९८१ मध्ये जहांगीरमध्ये लागलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या समूह प्रदर्शनात ते ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांबरोबर होते, आणि तिथे अमूर्ताशीच उघड वाद मांडलेला होता.