जमखाना व गालिच्यावरील डाग काढणे (बेळगाव सीमाभाग)

जमखाना, सतरंजी, घोंगडे किंवा केसाळ गालिचा यांवर पडलेले घरगुती डाग धाग्याला आणि मूळ रंगाला धक्का न लावता काढण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत 'कार्पेट' हा शब्द आता रुळला असला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी जमखानाच येतो. कन्नडमध्येही तो जमखानेच. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचे हातविणीचे सुती जमखाने प्रसिद्ध असून त्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

डागाआधी अंथरूण ओळखावे लागते. सुती सतरंजी अख्खी भिजवून, आपटून धुता येते, मात्र तिचा रंग पक्का असावा लागतो. लोकरीला क्षार आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. मागे तागाचे अस्तर चिकटवलेला गालिचा भिजवला, तर गोंद सुटतो आणि सुकताना तागाचा तपकिरी रंग वर चढतो. म्हणून कोणतेही द्रावण आधी कोपऱ्यात, उलट्या बाजूला लावून, पांढऱ्या फडक्याने टिपून पाहतात. फडक्यावर रंग उतरला, तर ते द्रावण तिथेच थांबवायचे.

ओला डाग घासायचा नाही, टिपायचा. तोही कडेकडून मध्याकडे, नाहीतर वाटीएवढ्या डागाची परात होते.

हळदीचा डाग इथला सर्वांत चिवट, आणि तो बिघडतो बहुधा घाईच्या साबणाने. आमटी सांडली की वडी घेऊन धावणे हा हाताचा स्वभावच. पण हळदीतले करक्युमिन हे पिवळे रंगद्रव्य क्षाराच्या संगतीत लाल होते. कपड्याच्या साबणात क्षार असतो, त्यामुळे पिवळा डाग बघता बघता तांबडा पडतो. यात नवल वाटण्याचे कारण नाही: हळदीला चुना किंवा तत्सम क्षार देऊनच पारंपरिक कुंकू करतात, म्हणजे बाई जमखान्यावर नकळत कुंकूच करत असते. पांढऱ्या व्हिनेगरचे किंवा लिंबाचे पातळ पाणी टिपले, की लाली उतरून पिवळेपणा परत येतो. डाग गेलेला नसतो, फक्त मूळ पदावर आलेला असतो. पुढचे काम दोन टप्प्यांत करावे लागते. फोडणीचे तेल आधी शोषून घ्यायचे: मैदा, तांदळाचे पीठ किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरून काही तास ठेवायची आणि झटकायची. मग, करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने, स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने टिपायचा. हे आगीपासून दूर आणि खिडक्या उघड्या ठेवून. उरलेली छटा उन्हाने फिकी पडते, कारण करक्युमिन प्रकाशात टिकत नाही. अडचण ऋतूची: खानापूरकडच्या आषाढात ऊन कुठून आणायचे? तिथे हळदीचा डाग श्रावणाची उघडीप येईपर्यंत थांबतो. ब्याडगी मिरचीचा लाल रंगही तेलातच मिसळणारा, म्हणून त्यालाही आधी पीठ, मग स्पिरिट.

चहाचा डाग टॅनिन या तुरट द्रव्याचा, पण आपल्या चहात दूध असल्याने प्रथिने आणि स्निग्धांशही त्यात येतात. आधी गार पाणी, मग पातळ व्हिनेगर. गरम पाण्याने दूध धाग्यातच गोठते. रक्तालाही हाच न्याय, तिथे गार मिठाचे पाणी. पानाच्या पिचकारीत काथ आणि चुना एकत्र असतात, आणि काथाचा रंग चुन्यानेच खुलतो. तेव्हा इथेही साबणापूर्वी व्हिनेगर किंवा लिंबू. जुना सुकलेला पानाचा डाग पूर्ण निघेल अशी आशा धरू नये. बॉलपेनच्या शाईला स्पिरिट चालते.

चिखलाची गोष्ट उलटी. खानापूर-जांबोटीकडची तांबडी जांभ्याची माती आणि पूर्वेकडची काळी माती, दोन्ही ओल्या असताना पुसल्या की विणीत खोल शिरतात. त्या पूर्ण वाळू द्याव्यात, मग जमखाना उलटा करून काठीने झोडावा आणि खराट्याने झाडावा. बहुतेक काम इथेच होते. तांबड्या मातीची लाली लोहाच्या ऑक्साइडची, ती ब्लीचला दाद देत नाही. सुती जमखान्यावर राहिलेल्या झाकेला लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवतात. गणपतीत सांडलेला गुलाल आणि पूजेचे कुंकू यांनाही पाणी दाखवायचे नाही. आधी कोरडे झटकणे, शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनर. बाजारी कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि थेंबभर पाण्यानेही ते धाग्यात उतरतात. मेण सांडले, तर बर्फाने कडक करून खरवडतात आणि वर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवतात. कृत्रिम धागा असेल तर इस्त्री बेताचीच, नाहीतर मेणासोबत गालिचाही वितळतो.

घोंगड्याला रिठ्याचे पाणी मानवते. त्यातला फेस क्षाराचा नसून सॅपोनिन या रिठ्यातल्या फेसाळ द्रव्याचा असतो. पिळायचे मात्र नाही, दाबून पाणी काढायचे आणि सावलीत आडवे वाळवायचे. पावसाळ्यात अंथरूण दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे पंख्याखाली टाकतात. आत ओल राहिली, तर डाग गेलेला असतो आणि त्याच्या जागी कुबट वास बसलेला असतो.